कूलरसमोरची चाचणी

कौतिक बोरसेंचा, म्हणजे नानांचा, कान मोटारीचा होता. धुळ्याला पारोळा रोडवर एकतीस वर्षं त्यांनी जळालेल्या मोटारी भरल्या. विहिरीतल्या, पिठाच्या गिरणीतल्या, रसवंतीच्या चरकाच्या, कूलरच्या. जळक्या तारा उपसून काढायच्या, नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे, वार्निश पाजायचं आणि मेलेली मोटार उठवून बसवायची. हे काम शिकवणारं कॉलेज नाही, आणि असतं तरी तिथल्या मास्तराला नानांनी पहिल्याच तासाला घरी पाठवलं असतं. मोटार चालू केली की नाना डोळे मिटायचे. बेअरिंग गेलंय, कॉईल कमी भरलीय की गिऱ्हाईक खोटं बोलतंय, हे त्यांना आवाजावरून कळायचं.

मणक्यानं दगा दिला तेव्हा त्यांनी दुकान समाधानच्या हवाली केलं. समाधान त्यांच्या शेजारी बसून अठरा वर्षं काम केलेला कारागीर, स्वतः दोन लेकरांचा बाप. नाना आणि त्यांची बायको सुंदरबाई जळगावला मेहरूणमध्ये दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. लेक पुनम लग्न होऊन पुण्याला गेली होती. जाताना तिनं कॉलेजातला कॉम्प्युटर मागे ठेवला. बारा वर्षांचं जुनं धूड. बाजारातल्या दुकानदारानं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, काका, हा फेका, नवा घ्या. नाना तिथून उठले. जळालेली मोटार फेका म्हणणाऱ्याला त्यांनी आपल्या दुकानात कधी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. दुरुस्त करता येत नाही म्हणून फेका म्हणायचं आणि त्यालाच हुशारी म्हणायचं, असल्या लोकांनी देश भरलाय, असं त्यांचं मत होतं आणि ते काही चूक नव्हतं.

दिवाळीला पुनम आली तेव्हा तिनं त्या धुडावर लिनक्स टाकून दिलं. जगभरच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही फुकट मिळणारी सिस्टिम. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. मशीनचा प्रत्येक भाग, अगदी आतला पंखासुद्धा, त्याच्या सांगण्यावरून हलतो. पुनमनं सहज सांगितलं की नवा कर्नेल पक्का करण्याआधी सात-आठ आठवडे, दर रविवारी, त्याची कच्ची आवृत्ती जगासमोर ठेवतात आणि म्हणतात, चालवून बघा, काही मोडलं तर कळवा.

नानांनी हे तिच्याकडून दोनदा ऐकून घेतलं. एवढं मोठं दुकान, आणि माल विकायच्या आधीच म्हणतं, मोडलं तर कळवा. उभ्या आयुष्यात त्यांना असा दुकानदार भेटला नव्हता. त्यांनी डिक्शनरी घेतली, चष्म्याचा नंबर वाढवला आणि दर सोमवारी सकाळी चहा झाला की कच्चा कर्नेल उतरवून, स्वतः बांधून, म्हणजे लिहिलेल्या मजकुरापासून चालतं रूप तयार करून, त्यावर मशीन चालवायला लागले. बांधायला चार तास लागत. नाना शेजारी बसून राहत. मोटार भरतानाही ते उठत नसत.

सुंदरबाई त्या मशीनला डबडं म्हणत. डबड्याला चहा देऊ का, डबडं आज जेवलं का, असं विचारत. नानांना राग येत नसे. बायको एखाद्या वस्तूला नाव ठेवते म्हणजे तिनं ती घरात घेतलीय, हे त्यांना ठाऊक होतं.

आता कूलरचं. जळगावचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. पहिल्याच उन्हाळ्यात डबडं दुपारी बारानंतर आपोआप बंद पडायला लागलं. नानांनी तेच केलं जे गावातला प्रत्येक झेरॉक्सवाला आणि फोटो स्टुडिओवाला करतो. डबड्याची एका बाजूची पत्र्याची झापड काढून ठेवली आणि घरातला एकुलता एक पत्र्याचा कूलर त्या उघड्या पोटासमोर उभा केला. वाळ्याच्या ओल्या ताट्यांमधून येणारा गार वारा थेट मशीनच्या आतड्यांत. डबडं सुखानं चालायला लागलं. त्याला तीन उन्हाळे झाले. कूलर तिथंच राहिला. सुंदरबाईंची कॉट कूलरच्या पाठीमागे होती.

यंदाच्या मार्चमध्ये पहिल्या कच्च्या कर्नेलनं एक खोड आणली. मशीनच्या आतला पंखा सकाळी चालू झाला की बोंबलतच सुटायचा. काम असो नसो, पूर्ण वेगानं. दुसरा कोणी असता तर त्यानं दुर्लक्ष केलं असतं. पण बिनकामाची धावणारी मोटार नानांच्या कानात खिळा ठोकल्यासारखी वाजायची. त्यांनी डिक्शनरी उघडली आणि दोन दिवस खपून कर्नेल लिहिणाऱ्यांच्या मेलच्या यादीवर पाच ओळींचा इंग्रजी मेल लिहून पाठवला. खाली सही: के. बोरसे, मोटार वाइंडर, जळगाव.

उत्तर येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. इथल्या कुठल्याही कचेरीत अर्ज दिला तर पोच मिळायला तीन खेपा होतात. पण दुसऱ्याच दिवशी जर्मनीतून मार्कुस नावाच्या माणसाचं उत्तर आलं. कर्नेलचा पंखा चालवणारा भाग त्यानंच लिहिला होता. त्यानं आभार मानले, चार प्रश्न विचारले, नानांनी उत्तरं दिली, त्यानं आणखी विचारले. असं पाच आठवडे चाललं. मार्कुस कधी म्हणाला नाही की तुमचं मशीन जुनं आहे, फेका. नाना एवढ्यावरच त्याच्यावर फिदा झाले. घरात त्याचा उल्लेख 'आपला मार्कुस' असा व्हायला लागला, आणि सुंदरबाई कधीमधी विचारत की त्याचं लग्न झालंय का.

मेच्या सुरुवातीला मार्कुसनं दुरुस्ती पाठवली. नानांनी ती घालून कर्नेल बांधला आणि तीन दिवस मशीनला भरपूर काम लावून पाहिलं. पंखा शांत. हलकी, गोड घरघर. नानांनी डोळे मिटून ऐकलं आणि लिहून टाकलं: उत्तम चालते.

मग मार्कुसनं त्या दुरुस्तीच्या खाली एक ओळ घातली. टेस्टेड बाय, आणि पुढे नानांचं पूर्ण नाव. ही चाचणी या माणसानं केली. पुनमनं फोनवर समजावलं की ही ओळ आता कधीच पुसली जात नाही. कर्नेलच्या इतिहासात ती जन्मभर राहते, आणि अशी नावं बघूनच लोक दुरुस्तीवर विश्वास टाकतात. नानांनी दिवसभरात चारदा ती ओळ उघडून पाहिली. आठवी नापास माणूस. त्यांचं नाव आतापर्यंत रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि दुकानाच्या पाटीवर, एवढ्याच ठिकाणी होतं, त्यातही मतदारयादीत बाई म्हणून.

समाधाननं ती ओळ मोठ्या अक्षरात छापून, लॅमिनेशन करून, धुळ्याच्या दुकानात लावली. नाना, बघायला या, असा त्याचा रोज फोन.

सातवी कच्ची आवृत्ती निघाली, त्यात ती दुरुस्ती होती. येत्या रविवारी पक्का कर्नेल निघणार होता. त्यानंतर तो जगभरच्या मशीनवर जाणार.

गुरुवारी दुपारी नाना मशीनला काम लावून चष्म्याची दांडी बसवून आणायला गेले. तासाभरानं सायकल दाराशी लावून आत आले तर पडदा काळा. डबडं बंद. कूलर समोरच, नेहमीसारखा चालू. त्यांनी मशीन सुरू केलं, आतली नोंदवही उघडली. तिथं लिहिलं होतं, तापमान हद्दीबाहेर गेलं, म्हणून मशीन बंद केलं.

कूलरसमोर? नानांनी सुंदरबाईंना विचारलं, कोणी हात लावला का. त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमना डबडाले मी हात बी लावस नही."

हे खरंच होतं. तीन वर्षांत त्यांनी त्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती. नानांनी मनाशी ठरवून टाकलं की उष्णता मोजणारा भाग जुना झालाय, काहीतरी चुकीचं मोजलं असेल. एरवी कुणाचंही असलं उत्तर त्यांनी ऐकून घेतलं नसतं. पण स्वतःचं नाव भिंतीवर लागलेलं असलं की माणूस स्वतःपुरता कान बंद करतो.

शुक्रवारी ते एसटीनं धुळ्याला गेले. भिंतीवरचा कागद बघायला.

कागद मोटारी तपासायच्या टाकीच्या वर, बरोबर मधोमध लावला होता. समाधाननं चहा मागवला. दुकानात शिंदखेड्याकडचा एक शेतकरी घाईला आला होता. त्याची सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या तळाशी पाण्यात बुडून चालणारी मोटार, भरून तयार होती. समाधान ती टाकीत सोडायच्या तयारीत, आणि त्या माणसाला तीनची गाडी पकडायची होती. तो म्हणाला, टाकीत कशाला, इथं टेबलावर तर चाललीच की.

"आठे चांगली फिरी राहिनी ना. आवाज बी गोड शे," तो म्हणाला.

समाधाननं दोर सोडला नाही. "कोरडी फिरेल मोटर खोटी बोलस, भाऊ. पानीमा उतारी दखाडाशिवाय आठून भाइर जास नही. नानानं शिकाडेल शे." आणि लगेच हात करून त्यानं ओळख करून दिली, हेच ते नाना, यांचं नाव सगळ्या जगात गेलंय, तो बघा कागद. त्या माणसानं घाई विसरून हात जोडले.

नानांच्या तोंडातला चहा बेचव झाला.

हा नियम त्यांचाच होता आणि तो फुकट आला नव्हता. दुकान टाकल्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एका माणसाला टेबलावर फिरवून मोटार दिली होती. आवाज गोड होता. बोअरमध्ये उतरवल्यावर तिसऱ्या दिवशी ती जळाली. दोनशे फुटांवरून ती वर ओढायला आठ माणसं आणि एक अख्खा दिवस लागला. तो माणूस भांडला नाही, शिवी दिली नाही. मोटार आणून त्यानं नानांच्या पुढ्यात ठेवली आणि नुसता उभा राहिला. त्याच आठवड्यात नानांनी टाकी बांधून घेतली. ओझं नसताना मोटार काय सांगते त्याला काडीची किंमत नाही, हे त्यांनी समाधानच्या डोक्यात अठरा वर्षं ठोकलं होतं.

टाकीत मोटार गुरगुरली, पाण्याचा फवारा पत्र्यावर आदळला, समाधाननं मीटर लावून आकडा पाहिला आणि मान हलवली. शेतकऱ्याची तीनची गाडी गेली होती. तो खुश होता.

परतीच्या गाडीत पारोळ्यापर्यंत नाना खिडकीशी बसून होते. खिडकीतून भट्टीचं तोंड उघडावं तसा वारा येत होता. हा वारा तोंडावर घेताना त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. तीन दिवस त्यांनी मशीनला काम लावलं, ते कशासमोर? कूलरसमोर. झापड काढून. आतला पंखा शांत होता, कारण त्याला उठायची वेळच आली नाही. तो उठू शकतो की नाही हे त्यांनी बघितलंच नव्हतं. आवाज गोड आहे म्हणून सही ठोकली. टेबलावर फिरवलेली मोटार त्यांनी सगळ्या जगाला दिली होती.

मग गुरुवारी काय झालं, एवढंच कोडं उरलं होतं. घरी आल्या आल्या त्यांनी चपला न काढता विचारलं.

"पुनमनी माय, काल कूलर कोणी फिरवला होता?"

सुंदरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "कूलरले मी हात लावा," त्या म्हणाल्या. "डबडाले नही." नाना बाहेर गेले तसा त्यांनी कूलर ओढून कॉटकडे फिरवला, अर्धा-पाऊण तास पडल्या आणि सायकलची घंटी ऐकून परत होता तिथं लावला. एवढंच. तीन उन्हाळ्यांत पहिल्यांदा.

नानांना ओरडायचं होतं. सवयीनं तोंडही उघडलं. पण त्यांची नजर कॉटवर गेली. कूलरच्या पाठीकडून येते ती फक्त मोटारीची गरम वाफ. उशीवर ओला पंचा घडी करून ठेवलेला होता, आणि उशाला पुठ्ठ्याचा एक तुकडा, वारा घ्यायला. तो पुठ्ठा कॉम्प्युटरच्या खोक्याचाच होता. एकतीस वर्षं लोकांचे कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात.

"तीन उन्हाया मी त्या डबडाना मांगे बशेल शे," सुंदरबाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, ती असती तर बरं झालं असतं. "माले बी घाम येस."

नाना मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

शनिवारी सकाळी त्यांनी कूलर स्वतः ओढला आणि कॉटसमोर लावला. डबड्याची झापड माळ्यावरून काढून, चार स्क्रू पिळून, पोट बंद केलं. मग मशीनला पूर्ण काम लावलं आणि पत्र्याला कान लावून बसले. पडद्यावर आकडा चढत होता. साठ, बहात्तर, चौऱ्याऐंशी. पंख्याचा आवाज तोच. हलका, गोड, मठ्ठ. नव्वदला तरी उठेल म्हणून ते वाट बघत राहिले. शहाण्णवला त्यांनी हातानं मशीन बंद केलं. मार्कुसच्या दुरुस्तीनं पंख्याचं बोंबलणं थांबवलं होतं, पण त्याला जागेवरून हलायचंच विसरायला लावलं होतं.

आता दोन रस्ते होते आणि दोन्ही नानांना दिसत होते. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. कूलर परत फिरवला की आपलं मशीन चालतंच. कागद भिंतीवर राहील, समाधान गिऱ्हाइकांना दाखवत राहील. पण हाच पंखा असलेली जुनी मशीनं कुठं कुठं असतील? जामनेरच्या एखाद्या शाळेत, एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात, जिथं नवा घ्या म्हणून कुणी सांगत नाही कारण तिथं कुणी काही विचारतच नाही. तिथं कूलर नसणार. रविवारनंतर ती मशीनं भर दुपारी पटापट माना टाकणार, आणि ज्याच्या नावावर विश्वास ठेवून हे झालं ते नाव कौतिक बोरसे. दुसऱ्या रस्त्यावर मात्र सगळ्या जगाच्या देखत लिहायचं होतं की हे नाव काढा. त्या मेलच्या यादीवर हजारो माणसं होती, आणि तिथं लिहिलेलंही कधी पुसलं जात नव्हतं.

नाना डिक्शनरी घेऊन बसले. सुंदरबाई कूलरसमोर पडून होत्या. त्यांनी विचारलं, एवढं काय लिहिताय. नाना म्हणाले, मार्कुसला कळवतोय की माझी चाचणी चुकीची होती.

सुंदरबाई उठून बसल्या. "तुम्ही लिखी राहिनात? की तुम्ही चुकनात?" त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं, जणू इंग्रजी वाचता येत होतं. "छत्तीस वरीसमा माले एकदा बी नही सांगं."

नानांची बोटं थांबली. "आते सांगस," ते म्हणाले. त्यांनी तोंड पडद्याकडेच ठेवलं होतं, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मी चुकनू. कूलर तुना व्हता."

"हाई बी लिखी धाडा त्याले," सुंदरबाई म्हणाल्या आणि पुन्हा आडव्या झाल्या.

नानांनी खरंच लिहिलं. मेल असा होता: माझी चाचणी खोटी आहे. मी मशीनसमोर कूलर लावून चाचणी केली. कूलर काढला की पंखा वाढत नाही, शहाण्णव अंश होतात. माझे नाव काढावे. ही चूक मला कळली नव्हती. माझ्या पत्नीने कूलर स्वतःकडे फिरवला, म्हणून कळली. कूलरवर तिचा हक्क होता. के. बोरसे. सहीखाली नुसता आकडा: त्रेचाळीस अंश.

पाठवायचं बटण दाबायच्या आधी त्यांनी समाधानला फोन लावून सांगितलं की कागद काढ. का, तेही सांगितलं. समाधान म्हणाला, नाना, पुढची चाचणी आधी टाकीत उतरवा, मग कागदाचं बघू. नानांनी बटण दाबलं.

रविवारी सकाळी उत्तर आलं होतं. मार्कुस चिडला नव्हता. चूक त्याचीच आहे, पंख्याच्या वेगाचा आकडा तो एका ठिकाणी लिहायला विसरला, असं त्यानं लिहिलं होतं. नवी दुरुस्ती सोबत होती. पक्का कर्नेल निघायला त्याच्याकडची संध्याकाळ होईल, तेवढ्यात तपासून मिळाली तर ही आत जाईल, नाहीतर जुनी दुरुस्ती काढून टाकावी लागेल. आणि दोन प्रश्न. एक, कूलर म्हणजे काय? दुसरा, नानांनी खाली त्रेचाळीस अंश असं लिहिलं होतं ते मशीनमधल्या कुठल्या भागाचं तापमान आहे?

नानांनी उत्तर दिलं, खोलीचं.

मार्कुसनं तो आकडा परत एकदा विचारून घेतला.

कर्नेल बांधायला चार तास. साडेनऊला सुरू केलं. तेवढ्यापुरता कूलर मशीनकडे फिरवायची परवानगी नानांनी सुंदरबाईंकडे मागितली आणि ती मिळाली. दीडला कर्नेल तयार झाला. मग नानांनी कूलर बंद केला, चारही स्क्रू आवळले, खिडकी लावली, छताचा पंखासुद्धा थांबवला. सुंदरबाईंना म्हणाले, तू शेजारी कुंदाबाईकडे जाऊन बस, इथं आता भट्टी होईल. त्या गेल्या नाहीत. ओला पंचा डोक्यावर घेऊन, पुठ्ठा हातात धरून खुर्चीवर बसल्या. नानांचा कान पत्र्याला लागलेला असताना पडद्यावरचा आकडा वाचायला कोणीतरी हवंच होतं, आणि आकडे त्यांना येत होते.

त्या वाचत गेल्या. अठ्ठावन्न. सदुसष्ट. मध्येच पुठ्ठ्यानं एकदा नानांना वारा घालत, एकदा स्वतःला, आणि एकदा चुकून डबड्यालासुद्धा. चौऱ्याहत्तर. नानांच्या हनुवटीवरून घाम पत्र्यावर टपकत होता. एकोणऐंशी. पंखा हलेना. नानांनी डोळे घट्ट मिटले. ब्याऐंशी, सुंदरबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजही जरा पातळ झाला.

मग पत्र्याच्या आत काहीतरी ताठ झालं. आधी घरघर जाड झाली, मग चढत गेली, एकसारखी, कुठंही न अडखळता. टाकीत उतरवलेल्या चांगल्या मोटारीला पाणी मिळतं तेव्हा ती जशी आवाज लावते तशी. नानांना आकडा ऐकायची गरज उरली नव्हती. तरी सुंदरबाईंनी वाचला. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. शहात्तर. तो तिथं थांबला आणि दोन तास तिथंच राहिला. ते दोघंही तिथंच बसून राहिले. खोलीचं तापमान तोवर चव्वेचाळीस झालं होतं.

साडेचारला नानांनी लिहिलं: चालते. कूलर नाही. झापड बंद. खिडकी बंद. दोन तास पूर्ण काम. खोली चव्वेचाळीस.

पाच मिनिटांत मार्कुसचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की इतकी कठोर चाचणी त्याच्या कुठल्याही कामाची आजवर झाली नाही, आता कृपया खिडकी उघडा. आणि एक विचारलं होतं. बिघाड ज्यानं दाखवून दिला त्याचं नाव वेगळ्या ओळीत घालायची त्यांच्याकडे रीत आहे. तिथं नानांचंच घालू का?

नानांनी खिडकी उघडली, कूलर चालू करून कॉटकडे फिरवला, सुंदरबाईंना माठातलं पाणी दिलं आणि मग विचारलं. सुंदरबाई म्हणाल्या, "मना नावनं तठे काय काम शे?"

"मोडलं हे कोणी दाखवलं, असं विचारतात ते लोक," नाना म्हणाले. "तिथं खोटं चालत नाही."

सुंदरबाई पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या की घालायचंच तर नीट घाला, सुंदरबाई कौतिक बोरसे, नुसतं बोरसे नको, आणि मतदारयादीत तुम्हाला बाई केलं तसं मला बाप्या करू नका.

सोमवारी सकाळी पक्का कर्नेल निघालेला होता. नानांनी त्याच्या इतिहासात जाऊन ती जागा शोधली. रिपोर्टेड बाय, सुंदरबाई कौतिक बोरसे. खाली टेस्टेड बाय, कौतिक बोरसे. समाधानचा फोन आला की नाना, आता नवा कागद छापू का. नाना म्हणाले, छाप. पण माझा शनिवारचा मेलही छाप, माझी चाचणी खोटी आहे म्हणणारा, आणि तो टाकीच्या वर लाव. घाईतल्या गिऱ्हाइकाला आधी तो वाचू दे. समाधान म्हणाला, इंग्रजीत आहे, कोण वाचणार. नाना म्हणाले, मग तू मोठ्यानं वाचून दाखव.

दुपारी त्यांनी पुढच्या कामाला हात घातला. पोट बंद केलेलं डबडं कोपऱ्यात आपल्या पंख्यावर घुमत होतं. नाना गंजीफ्रॉक काढून, खांद्यावर ओला पंचा टाकून त्याच्यासमोर बसले होते. अंगावरून घाम वाहत होता, आणि पुठ्ठ्याचा तुकडा आता त्यांच्या मांडीवर होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कूलरचं तोंड कॉटकडे होतं आणि सुंदरबाईंना झोप लागली होती. एकदा कूलरची मोटार किंचित कुरकुरली. नानांनी डोळे मिटून ऐकलं. पुढचं बेअरिंग. त्यांनी डबड्याचं काम तसंच सोडलं आणि पाय न वाजवता तेलाची बुधली शोधायला उठले.